फ्लॅट स्कीममध्ये दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा? नवीन लोकांसाठी सुरुवातीपासून

एक दिवस ग्रुपवर मेसेज येतो, "गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं आहे, प्रत्येकी ४५,००० रुपये, १० तारखेच्या आत जमा करावे." खाली अंगठे सुरू होतात, दोन अंगठे, चार अंगठे, मंग तळमजल्यावरचे एक भाऊ लिहितात की मी तर गच्चीवर कधी चढतच नाही मी काहून देऊ, वरच्या काकू लिहितात की माझ्या बेडरूममध्ये बादली ठेवून राहिलो आम्ही आणि तुम्हाला हिशोब सुचून राहिला, आणि रात्री साडेअकरापर्यंत जे बोलायला नको होतं ते सगळं बोलून होतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कोणी कोणाकडे बघत नाही.

मी नागपुरात त्रिमूर्तीनगरकडे दुसऱ्या मजल्यावर रिसेलचा फ्लॅट घेतला तेव्हा वर्षभरात माझ्यासमोर हेच आलं. मला आकडा पटला नाही, हिशोब कोणी दाखवत नव्हतं, म्हणून मी रागारागात महिन्याचा मेंटेनन्सच बंद करून टाकला. ती माझी खरी चूक होती. तीन-चार महिन्यांनी मी मीटिंगमध्ये कोटेशनबद्दल प्रश्न विचारला तर उत्तर आलं, आधी थकलेले भरा मंग बोला. प्रश्न बरोबर होता पण विचारायचं तोंडच माझ्याकडे राहिलं नव्हतं. आणि या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचा अजून एक पावसाळा गळक्या छताखाली गेला, ते मला आजही लागतं. म्हणून नवीन लोकांना सांगून राहिलो की पैसे अडवू नका, कागद मागा. कोणते कागद, कसे मागायचे आणि मागून काय करायचं ते खाली लिहितो.

सगळ्यात आधी: तुमची स्कीम कोणत्या कायद्यात बसते

हे न बघता लोक भांडतात आणि म्हणूनच भांडण संपत नाही, कारण एक जण सोसायटीचा नियम सांगत असतो आणि बिल्डिंग सोसायटी नसतेच. मुंबईचा नातेवाईक फोनवर जे सांगतो ते तिथल्या को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीचं असतं. आपल्याकडे नागपुरात भरपूर स्कीम महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्ट १९७० खाली आहेत, तिथं सोसायटी नसते, कंडोमिनियम किंवा अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असते.

ओळखायचं कसं? तुमचे खरेदीचे कागद काढा. 'डीड ऑफ डिक्लरेशन' म्हणजे घोषणापत्र, 'डीड ऑफ अपार्टमेंट', 'अविभक्त हिस्सा अमुक टक्के' (म्हणजे सामाईक मालमत्तेतला तुमचा न तोडता येणारा वाटा) असे शब्द दिसले तर १९७० चा कायदा. शेअर सर्टिफिकेट आहे, सोसायटीचा रजिस्ट्रेशन नंबर आहे, नावात 'सहकारी गृहनिर्माण संस्था' आहे, तर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि सोसायटीचे उपविधी, म्हणजे बायलॉज. बोर्डवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, गेटवर 'सोसायटी' लिहिलेली स्कीम कागदावर अपार्टमेंट निघते हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय.

तिसरा प्रकार पण आहे आणि तो नवीन माणसाला सगळ्यात जास्त त्रास देतो. बिल्डरनं काहीच बनवून दिलं नाही, चार-पाच जण मिळून 'कमिटी' चालवतात, पैसे कोणाच्या तरी स्वतःच्या खात्यात जमा होतात. हे लोक बहुतेक वेळा मनापासून काम करत असतात, फुकटात करत असतात, त्यांचा अपमान करू नका. पण न देणाऱ्याकडून वसूल करायचा अधिकार त्यांच्याकडे नसतो, आणि हिशोब द्यायचं बंधनही कागदावर कुठं नसतं. मोठी दुरुस्ती काढायच्या आधी असोसिएशन रीतसर उभी करणं आणि तिच्या नावानं बँक खातं उघडणं हे पहिलं काम, वॉटरप्रूफिंग त्याच्या नंतर. घोषणापत्र बहुतेक वेळा बिल्डरनं नोंदवून ठेवलेलं असतं पण रहिवाशांनी ते कधी बघितलेलंच नसतं, दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून त्याची प्रमाणित नक्कल मिळते. ती काढा. थोडेसेच पैसे लागतात आणि अर्धी भांडणं त्या एका कागदानं मिटतात.

मग तुमचा हिस्सा काढा, स्वतः, कागद-पेन घेऊन

इथं थोडं थांबतो कारण खरा पेच इथंच आहे.

समजा १६ फ्लॅटची स्कीम आहे, १२ टू बीएचके ९०० स्क्वेअर फुटाचे आणि ४ थ्री बीएचके १,३०० चे. एकूण १६,००० स्क्वेअर फूट. काम ७,२०,००० चं. सगळ्यांना सारखं वाटलं तर प्रत्येकी ४५,०००. एरियाप्रमाणे वाटलं तर स्क्वेअर फुटाला ४५ रुपये, म्हणजे टू बीएचकेला ४०,५०० आणि थ्री बीएचकेला ५८,५००. एकाच कामात मोठ्या फ्लॅटवाल्याला साडेतेरा हजाराचा फरक पडतो, म्हणून तो 'सारखं वाटा' म्हणतो आणि लहानवाला 'फुटानं वाटा' म्हणतो, आणि दोघंही मनातून प्रामाणिक असू शकतात.

अपार्टमेंट कायद्यात हा वाद मीटिंगच्या बहुमतावर सोडलेलाच नाही. सामाईक खर्च प्रत्येकानं आपल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीप्रमाणे द्यायचा असं कायदा सांगतो, आणि ती टक्केवारी घोषणापत्रात लिहिलेली असते. कायद्यात ती फ्लॅटच्या किमतीवरून काढतात. वरच्या उदाहरणात समजा ती एरियाप्रमाणेच बसली, तर टू बीएचकेचा हिस्सा ५.६२५ टक्के आणि थ्री बीएचकेचा ८.१२५ टक्के, ७,२०,००० वर लावून बघा, तेच ४०,५०० आणि ५८,५०० येतात. तळमजल्यावर दुकानं असतील तर त्यांची पण टक्केवारी तिथं लिहिलेली असते, आणि 'आमचं शटर रोडवर उघडतं, आम्ही जिना वापरत नाही' हे कारण चालत नाही. सामाईक जागा वापरत नाही म्हणून किंवा फ्लॅट बंद ठेवलाय म्हणून कोणाची जबाबदारी सुटत नाही, हे पण कायद्यातच आहे. पोरगं पुण्याला आहे, फ्लॅटला कुलूप आहे, तरी हिस्सा द्यावाच लागतो. माझ्या मते हा नियम न्यायाचा आहे, कारण छत गेलं तर कुलूपबंद फ्लॅटची किंमतही सगळ्यांसोबतच पडते.

सोसायटी असेल तर हिशोब वेगळा. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचे पैसे) असे दोन निधी दर महिन्याच्या बिलातून जमा करत जायचे असतात. दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला कमीत कमी ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड ०.२५ टक्के, यात जमिनीची किंमत धरायची नाही. बांधकाम खर्च १२,००,००० धरला तर वर्षाला ९,००० आणि ३,०००, म्हणजे महिन्याला ७५० अधिक २५०. चौकीदार, सफाई, कॉमन लाइट असा सर्व्हिस चार्ज मात्र सगळ्यांना सारखा, लिफ्टचा खर्च पण ज्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे तिथल्या सगळ्यांना सारखा, कोणी वापरो न वापरो. म्हणून सोसायटीत एकदम ४५,००० मागितले की पहिला प्रश्न हा विचारा की इतकी वर्षं दुरुस्ती निधी घेतला का, आणि घेतला तर तो कुठं आहे. पुष्कळ ठिकाणी खरं उत्तर हे निघतं की मेंटेनन्स कमी ठेवायच्या नादात निधी कधी घेतलाच नाही. त्यात कोणाची चोरी नसते, सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं ढकललेलं असतं. ते कळलं की आवाज आपोआप खाली येतो.

काम कोणाचं आहे ते ठरवायच्या आधी पाणी कुठून येतंय ते बघा

पाणी जिथं दिसतं तिथून ते आलेलं असतंच असं नाही. नागपुरात तर फारच. मे महिन्यात ४५ च्या वर तापलेला स्लॅब, त्यावर जूनमध्ये एकदम पहिला पाऊस, गच्चीच्या कोब्याला, म्हणजे स्लॅबवरच्या थराला, बारीक भेगा पडतातच. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते, कंपाउंड वॉल आणि पार्किंगची फरशी हलते. आणि एक आपल्याकडचं खास, कूलर. खिडकीच्या बाहेर स्टँडवर कूलर, त्याचा पाइप सुटलेला, टाकी ओव्हरफ्लो, चार महिने तेच पाणी बाहेरच्या भिंतीवरून खालच्याच्या हॉलमध्ये मुरतं. कूलरवाला म्हणतो बाहेरची भिंत कॉमन आहे, सगळ्यांनी पैसे द्या. नाही भाऊ, ते पाणी एका फ्लॅटचं आहे. भिंत सामाईक आहे म्हणून आपण तिला रोज भिजवायची परवानगी मिळत नाही.

साधी तपासणी स्वतःच होते, मिस्त्रीला आधी बोलावू नका, मिस्त्री आला की तो कामच सांगेल. गच्चीवरचे आउटलेट गोणपाटानं आणि मातीनं बंद करा, दोन-तीन इंच पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवा, खालच्या छतावर ओल कुठं वाढते त्याच्या भोवती पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा. बाथरूमचा संशय असेल तर नहाणी ट्रॅप बंद करून एक दिवस पाणी साचवा, थोडा रंग टाकला तर अजून चांगलं. नळाच्या लाइनचा संशय असेल तर वरच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह एक दिवस बंद ठेवून ओल थांबते का बघा. हे सगळं दोन्ही शेजाऱ्यांसमोर आणि कमिटीच्या एका माणसासमोर करा, मोबाइलवर फोटो काढा, आणि तीन ओळी लिहून तिघांच्या सह्या घ्या. वरच्या माणसाला आरोपीसारखं बोलवू नका, 'काकू, जरा अर्धा तास येता का, सोबत बघून घेऊ' एवढं म्हटलं तरी खूप फरक पडतो.

कारण कळलं की वाटणी सोपी. सोसायटीच्या उपविधीत यादीच आहे. गच्ची, पॅरापेट (गच्चीच्या कडेची भिंत), बाहेरच्या भिंती, छताची स्ट्रक्चरल दुरुस्ती, पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइन, पाण्याच्या टाक्या, पंप, जिना, लिफ्ट, कंपाउंड, आणि फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतची वायर हे सोसायटीच्या खर्चानं. गच्चीतून पावसाचं पाणी उतरून सगळ्यात वरच्या फ्लॅटचं सिलिंग आणि त्याची छपाई (प्लास्टर) खराब झाली तर ती पण सोसायटीनं करून द्यायची, हे वरच्या मजल्यावरच्या लोकांना माहीतच नसतं आणि ते बिचारे दर दोन वर्षांनी स्वतः पुट्टी मारत बसतात. आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती मात्र ज्याची त्यानं. अपार्टमेंट असेल तर हीच विभागणी घोषणापत्रात आणि बायलॉजमध्ये बघा, तिथं 'सामाईक क्षेत्र' म्हणजे सगळ्यांचं, आणि 'मर्यादित सामाईक क्षेत्र' म्हणजे काही ठरावीक फ्लॅटच्याच वापराचं, असे दोन प्रकार असतात. एखाद्याला वरची गच्ची वेगळी दिलेली असेल तर तिथल्या टाइल्स आणि कुंड्या त्याच्या, पण त्याखालचा स्लॅब अख्ख्या बिल्डिंगचा आहे.

दुरुस्ती आणि सजावट एकत्र करू देऊ नका. वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनमध्येच नवीन गेट, सीसीटीव्ही, एंट्रन्सला ग्रॅनाइट असं सगळं घुसवून एक आकडा सांगतात. दोन वेगळे कागद मागा. गेट नको म्हणणारा माणूस छताच्या दुरुस्तीला विरोध करून राहिला असं चित्र होतं आणि मंग छतही राहून जातं.

बिल्डिंग जुनी असेल तर अंदाजावर जाऊच नका. आदर्श उपविधी सांगतात की १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं. आपल्याकडच्या नव्वदच्या दशकातल्या स्कीम आता या दुसऱ्या गटात येऊ लागल्या. कॉलमची सळाख उघडी पडून गंजलेली दिसत असताना त्यावर नुसती छपाई करून रंग मारणं म्हणजे पैसे वाया, आणि जिवाशी खेळ. स्ट्रक्चरल इंजिनिअर हातोडीनं ठोकून, रिबाउंड हॅमरनं, गरज पडली तर काँक्रीटचा तुकडा काढून तपासतो आणि लिहून देतो की काय आत्ता करायचं, काय दोन वर्षं थांबू शकतं. तो रिपोर्ट हातात आला की 'मला वाटतं' विरुद्ध 'मला नाही वाटत' हे भांडण उरत नाही.

कागद मागायचे, लेखी मागायचे

ग्रुपवर मागू नका. ग्रुपवर मागितलेला हिशोब हा आरोपच वाटतो, तुम्ही कितीही चांगल्या मनानं लिहा. एका साध्या कागदावर लिहा, दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर पोच घ्या. सेक्रेटरी पोच देत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा. मजकूर असा चालतो:

"मा. सचिव साहेब, स.न.वि.वि. दि. अमुकच्या संदेशानुसार गच्चीच्या दुरुस्तीसाठी माझ्याकडे रु. ४५,००० मागितले आहेत. दुरुस्ती आवश्यक आहे याला माझा पाठिंबा आहे. रक्कम भरण्यापूर्वी कृपया पुढील कागद पाहायला मिळावेत: १) ज्या सभेत हा खर्च मंजूर झाला त्या सभेची नोटीस आणि इतिवृत्त, २) आलेली सर्व कोटेशन, ३) कामाचं मोजमाप, ४) खर्च कोणत्या आधारावर वाटला तो तक्ता, ५) दुरुस्ती निधी व बँक खात्यातील आजची शिल्लक. कागद पाहण्यासाठी आपल्या सोयीची वेळ कळवावी. आपला विश्वासू, फ्लॅट क्र. ..."

'पाठिंबा आहे' ही ओळ काढू नका. ती खरी असली पाहिजे आणि लिहिली पण पाहिजे, कारण पुढं कुठंही गेलात तरी हा माणूस दुरुस्ती अडवत नव्हता हे त्यावरूनच दिसतं.

सेक्रेटरीनं कागद दाखवले की आधी मोजमाप बघा. गच्ची टेपनं मोजा. ठेकेदार ब्रासमध्ये बोलतो, एक ब्रास म्हणजे १०० स्क्वेअर फूट, ३२ ब्रासची गच्ची कोटेशनमध्ये ३८ ब्रास लिहिलेली असते, कधी पॅरापेटची आतली बाजू धरून तेवढी होते आणि कधी होत नाही. विचारा, उत्तर मिळालं तर मान्य करा.

मीटिंग

सोसायटीत वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तिची नोटीस १४ दिवस आधी, विशेष सभेची ५ दिवस आधी. कमिटी सभा बोलावतच नसेल तर एक पंचमांश सभासदांनी सह्या करून लेखी मागणी करता येते, १६ जणांत ४ सह्या पुरे. कमिटीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो त्याला मर्यादा आहे, त्यावरचं काम आमसभेत मंजूर व्हावं लागतं. अपार्टमेंटमध्ये सभेचे नियम तुमच्या बायलॉजमध्ये असतात, तेच वाचा.

मीटिंगला जाच. जे येत नाहीत तेच नंतर ग्रुपवर जास्त लिहितात. इतिवृत्तात तुमचं म्हणणं नोंदवायला सांगा, 'फ्लॅट क्र. २०३ यांनी वाटणी टक्केवारीप्रमाणे व्हावी असं नमूद केलं' एवढी एक ओळ पुरते. आणि मीटिंग दिवाळीनंतर लगेच घ्या असा आग्रह धरा. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यात येतो, मे मध्ये सगळ्या नागपूरला एकदम गच्ची आठवते, ठेकेदार मिळत नाही आणि मिळाला तर भाव सांगतो तो. त्या उन्हात कोब्याची तराई पण नीट होत नाही, सकाळी मारलेलं पाणी तासाभरात उडून जातं आणि नवीन कोबाच तडकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे गच्चीच्या कामाचे खरे महिने.

ठेकेदाराशी लेखी करार, जीएसटीचं बिल, पैसे चेकनं किंवा खात्यावर, गॅरंटी त्याच्या लेटरहेडवर, आणि शेवटचे ५ ते १० टक्के एक पावसाळा गेल्यावर. यावर अडून बसा. कमिटीतल्याच कोणाच्या नातेवाइकाला काम द्यायचं असेल तर ते सभेत उघड सांगून द्यावं, लपवलं तर काम चांगलं झालं तरी संशय राहतोच.

आकडा पटला नाही तरी पैसे कसे द्यायचे

जेवढा हिस्सा तुमच्या हिशोबानं बरोबर आहे तेवढा लगेच भरा, वरच्या उदाहरणात ४०,५००, आणि उरलेल्या ४,५०० बद्दल लेखी हरकत द्या. किंवा पूर्णच भरा आणि पत्रात लिहा की ही रक्कम हरकत राखून भरतो आहे. महिन्याचा मेंटेनन्स तर एक दिवसही चुकवू नका. सोसायटीत तीन महिन्यांच्या वर थकलं की थकबाकीदार म्हणून नाव येतं, थकलेल्या रकमेवर उपविधीत ठरलेल्या दरानं सरळव्याज लावता येतं, आणि निबंधकाकडून वसुलीचा दाखला काढला तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. अपार्टमेंट कायद्यात पण थकलेल्या सामाईक खर्चाचा बोजा फ्लॅटवर येतो.

तसंच उलट बाजूनं, कोणी दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत म्हणून त्याचा नळ बंद करणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं, नोटीस बोर्डवर नाव लावून लाज काढणं हे वसुलीचे मार्ग नाहीत. ज्या घरात लहान लेकरू किंवा म्हातारं माणूस आहे तिथं मे महिन्यात पाणी बंद करणारी कमिटी मी बघितली आहे, त्यांची मूळ मागणी शंभर टक्के बरोबर होती आणि त्या एका दिवसात सगळ्यांची सहानुभूती समोरच्याकडे गेली. खऱ्या अडचणीत असलेल्या माणसाला तीन-चार हप्ते द्या, सभेत ठराव करून द्या, म्हणजे उद्या दुसरा कोणी मलाही द्या म्हणाला तर नियम सारखा राहील.

भाडेकरूंसाठी एक ओळ: मोठ्या दुरुस्तीचा हिस्सा मालकाचा आहे, तुमच्याकडे कोणी मागायला आलं तर मालकाचा नंबर द्या.

एवढं करूनही जमलं नाही तर

ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील आणि प्रोजेक्ट रेरामध्ये (बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा) नोंदलेला असेल तर आपसात वर्गणी काढायच्या आधी बिल्डरला पत्र द्या. बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, नाही केलं तर महारेराकडे, म्हणजे रेराच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, जाता येतं, त्यांचं कार्यालय नागपुरात आहे. बेसा-मनीषनगरकडच्या नवीन स्कीममध्ये लोक चौथ्या वर्षी स्वतःच्या खिशातून लाखो रुपये घालून बसतात आणि सहाव्या वर्षी हे कळतं, फार वाईट वाटतं. ताब्याच्या पत्रावरची तारीख आजच बघून ठेवा.

सोसायटीचा वाद असेल तर हिशोब, सभा, कागद न दाखवणं यासाठी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज. पैशाच्या वाटणीचा, ठरावाच्या वैधतेचा असा वाद सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. सोसायटी गळती दुरुस्तच करून देत नसेल आणि तुमचं नुकसान होऊन राहिलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. अपार्टमेंटचा वाद असेल तर घोषणापत्र, बायलॉज आणि तुमचा सगळा पत्रव्यवहार घेऊन वकिलाला भेटा, कुठं दाद मागायची हे ते कागद बघूनच ठरतं. पण ४,५०० रुपयांसाठी कोर्टात जाण्याआधी दोन्ही बाजूंना मान्य असलेला बिल्डिंगबाहेरचा एखादा निवृत्त इंजिनिअर किंवा सीए बसवून बघा. आमच्याकडे शेवटी तसंच झालं, एका रविवारी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसलो, घोषणापत्रातली टक्केवारी मोठ्यानं वाचली, दोन तासांत वाटणी ठरली. तेच दोन तास आम्ही दोन वर्षं आधी बसू शकलो असतो.

पूर आणि विमा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून नाग नदीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा कितीतरी बेसमेंटमध्ये लिफ्टचे खड्डे, पंप आणि मीटरची पॅनल पाण्यात गेली. त्यानंतर वरचे म्हणायला लागले की नुकसान खाली झालं, खालचे म्हणायला लागले लिफ्ट तुमची. पंप आणि लिफ्ट दोन्ही सामाईक आहेत, खर्च वरच्याच नियमानं सगळ्यांचा. पण अख्ख्या इमारतीचा विमा काढला असता तर बराचसा प्रश्न आलाच नसता, आणि विम्याचा हप्ता पण सामाईक खर्चातच घेता येतो. पॉलिसी घेताना पूर त्यात धरलाय का हे नीट वाचा.

रिसेलचा फ्लॅट घेऊन राहिले असाल तर

रजिस्ट्री करायच्या आधी कमिटीकडून लेखी 'नो ड्यूज' घ्या आणि त्यात हेही लिहून मागा की पुढच्या वर्षभरात कोणती मोठी दुरुस्ती मंजूर झाली आहे किंवा विचारात आहे. अपार्टमेंट कायद्यात जुन्या मालकाची थकबाकी नवीन मालकाच्या पण अंगावर येते, दोघंही जबाबदार धरले जातात, पण खरेदीआधी थकबाकीचं लेखी विवरण मागायचा हक्क तुम्हाला आहे आणि त्यात लिहिलेल्या रकमेपलीकडचं तुमच्याकडून घेता येत नाही. मी ते मागितलं नव्हतं. फ्लॅट बघायला जाल तेव्हा हॉलमधलं पीओपी बघण्यात वेळ घालवू नका, सरळ गच्चीवर चढा, पॅरापेटच्या कडेनं एक चक्कर मारा, आउटलेटच्या तोंडाशी काय साचलंय ते बघा, आणि खाली उतरताना सगळ्यात वरच्या मजल्याची बेल वाजवून विचारा, ताई, पावसाळ्यात बादली ठेवावी लागते का.